मन खचले की रान बरे करते का?

"डॉक्टर, मला गावी जाऊन राहू द्या. इथं जीव रमत नाही."

दवाखान्यात येणाऱ्या वयस्कर मंडळींच्या तोंडून हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील कितीतरी घरांत आजी-आजोबांचे मन मागे कोठेतरी राहिलेले असते. कोणाचे संगमेश्वरकडे, कोणाचे पाटण-जावळीकडे, तर कोणाचे जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर. मुले म्हणतात, "म्हाताऱ्याने खूळ घेतलंय." म्हातारा म्हणतो, "मला इथं कोंडून घातलंय." आणि निकाल मागायला दोघेही डॉक्टरकडे येतात.

असा निकाल देताना मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती चूक आणि तिच्यातून जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवतो. सुरुवात मात्र एका कादंबरीपासून करावी लागेल.

राजमाचीवरचा म्हातारा

गो. नी. दांडेकर म्हणजे आपले गोनीदा. त्यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्या कथेवर त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. लोणावळा आणि कर्जत यांच्या मध्ये सह्याद्रीच्या धारेवर राजमाची आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे तिचे दोन बालेकिल्ले असून खालच्या सपाटीवर उधेवाडी हे लहानसे गाव आहे. किल्ल्याच्या माथ्याखालच्या अशा सपाट भागाला माची म्हणतात. आयुष्य मुंबईत काढलेला बुधा म्हातारपणी या माचीवर येतो आणि माणसांपासून दूर, रानात एकटा राहू लागतो. झाडे, पाखरे, एक कुत्रा, एक खार हेच त्याचे गणगोत. कथेत मोठ्या घडामोडी नाहीत, पण पाने उलटताना वाचणाऱ्याचाही श्वास संथ होत जातो. शेवट मी येथे सांगत नाही. ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांनी ती जरूर वाचावी.

गोनीदांनी हे घरात बसून कल्पनेने लिहिलेले नाही. लहान वयात घर सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा पायी केली आणि सह्याद्रीतले गड पुन्हा पुन्हा चढले. त्यामुळे त्यांचे रान खरे वाटते आणि बुधाही खरा वाटतो. मला तो इतका खरा वाटला, की मी तो एका रोग्याला औषध म्हणून देऊन बसलो.

माझी चूक

हे गृहस्थ गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात नोकरी गेली. नंतर मिळेल ते काम करून त्यांनी मुलांना वाढवले आणि लालबागची खोली विकून विरारला बिऱ्हाड आणले. २०२२ साली त्यांची पत्नी वारली. वय सत्तरीचे. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे येऊ लागले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तक्रारी नेहमीच्याच. अंग दुखते, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मी रक्त तपासले, साखर पाहिली, हृदयाचा आलेख काढला. रक्तदाब सोडला तर विशेष काही सापडले नाही. मी टॉनिक दिले, झोपेच्या चार गोळ्या दिल्या. एके दिवशी ते म्हणाले, "मला गावच्या घरी जाऊन एकट्याने राहायचंय. वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. पोरगा सोडत नाही."

मला लगेच बुधा आठवला. घरातले पुस्तक आणून मी त्यांच्या हातात दिले. चार दिवसांत त्यांनी ते वाचून संपवले. "हा तर माझ्यासारखाच आहे," असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडी तरतरी दिसली. मी खूश झालो. मुलाला बोलावून सांगितले, "जाऊ द्या काकांना. मोकळ्या हवेत बरे वाटेल."

ते मे महिन्याच्या अखेरीस गेले. जुलैत शेजाऱ्यांचा फोन आला आणि मुलगा त्यांना घेऊन परत आला. वजन सात किलोने उतरलेले, दाढी वाढलेली, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच संपलेल्या. घराचे दार दिवसचे दिवस बंद असे, चूल पेटत नसे, असे शेजाऱ्यांनी सांगितले. मी विचारले, "काका, रानात जात होता का?" ते म्हणाले, "नाही. पडून होतो."

तेव्हा मला समजले. बुधा माचीवर गेला तो जगण्यासाठी. आमचे काका गावी गेले ते कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. दोघांचा रस्ता एकच दिसत होता, पण जाणे वेगळे होते. काकांना नैराश्याचा आजार होता आणि तो महिनोन्महिने माझ्यासमोर बसलेला असूनही मी ओळखला नव्हता. अंगदुखी, अपचन आणि पहाटेची जाग ही त्याचीच लक्षणे होती. उतारवयात मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या तोंडून बोलते. "मी दुःखी आहे" असे म्हणण्याची आपल्या पुरुषमंडळींना सवय नसते. "कंबर धरली" असे ते म्हणतात.

मग रानाचा गुण खोटा का?

मुळीच नाही. हिरवळीचा आणि मोकळ्या जागेचा उपयोग होतो, याला चांगले पुरावे आहेत. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची त्यांनी जोड्या लावून तुलना केली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि वेदनेवरची तीव्र औषधेही त्यांना कमी लागली. जपानमध्ये १९८२ पासून सरकारी वनखात्याने लोकांना आरोग्यासाठी रानात सावकाश फिरण्याचा सल्ला देण्यास सुरुवात केली.

यामागची कारणेही समजण्याजोगी आहेत. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतले घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप वेळेवर लागते. बंद खोलीतल्या दिव्याचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण बाहेरच्या उजेडाच्या तुलनेत तो फारच थोडा असतो. चालण्याने स्नायू आणि हृदय सुधारते, भूक लागते आणि सौम्य नैराश्यही कमी होते. शिवाय पाने, पाणी, पाखरे पाहताना मनाला जोर लावावा लागत नाही. त्याच त्या विचाराचे दळण थोडा वेळ थांबते.

पण रानात राहणे म्हणजे केवळ हवा खाणे नव्हे. तेथे पाणी आणावे लागते, विस्तव जपावा लागतो, निवारा शाकारावा लागतो, दाणागोटा उंदरांपासून राखावा लागतो. हे सारे करण्याची उमेद अंगात असेल तर हीच कामे माणसाला उभे करतात. उमेदच संपलेली असेल तर तेच रान त्याला गिळते.

बेटावरचा खलाशी

यासाठी एक खरी हकीकत सांगतो. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. डॅनियल डीफो यांची ती कादंबरी १७१९ सालची. तिला ज्याच्या हकिकतीवरून चालना मिळाली असे मानतात, तो अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटलंडचा खलाशी. १७०४ साली कप्तानाशी भांडण होऊन तो पॅसिफिक महासागरातील एका निर्जन बेटावर उतरला आणि फेब्रुवारी १७०९ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, तेथे एकटा राहिला.

त्याला सोडवणाऱ्या जहाजाचे कप्तान वुड्स रॉजर्स यांनी जे लिहून ठेवले आहे ते डॉक्टरांनीही वाचावे असे आहे. पहिले आठ महिने सेलकर्क उदासीनतेने आणि एकटेपणाच्या भीतीने पुरता ग्रासलेला होता. नंतर हळूहळू तो सावरला. त्याने दोन खोपी बांधल्या, रानशेळ्यांची शिकार केली, उंदीर रात्री पाय कुरतडत म्हणून मांजरे माणसाळवली, रोज प्रार्थना आणि वाचन करण्याचा नेम धरला. म्हणजे दिवसाला आकार आला तसे मनही जागेवर आले. परंतु सुटका झाली तेव्हा तो अर्धवट शब्द बोलत होता. बोलायला कोणी नसल्याने भाषाच गंजली होती.

या हकिकतीतून तीन गोष्टी दिसतात. सावरायला महिने लागतात. सावरणे कामातून आणि नेमातून होते. आणि पूर्ण एकटेपणाची किंमत धडधाकट माणसालाही मोजावी लागते. सेलकर्क तरुण होता. सत्तरीच्या माणसाला ती किंमत अधिक पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकाकीपणाने त्रस्त आहे, आणि अशा एकाकीपणाने हृदयविकार, पक्षाघात व स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो.

एकाकीपण म्हणजे नुसते एकटे असणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. बुधा एकटा होता, पण त्याला जपायला झाडे होती आणि वाट पाहायला कुत्रा होता. उलट आमचे काका विरारच्या घरात पाच माणसांत राहत होते, पण सकाळी आठला सगळे लोकल पकडायला गेले की संध्याकाळी आठपर्यंत त्यांना हाक मारणारे कोणी नव्हते. "आज मी उठलो नाही तर कोणाचं काही अडणार नाही," असे वाटणे, हे या दुखण्याचे मूळ असते.

दुःख कोणते आणि आजार कोणता?

जोडीदार गेल्यावर रडू येणे, भूक मंदावणे, झोप उडणे हे स्वाभाविक आहे. त्याला औषध लागत नाही. लागतो तो वेळ आणि माणसे. असे दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मधूनच नातवंडाच्या एखाद्या बोलण्यावर हसूही येते. आजार झाला की लाट ओसरत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोन साधे प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश राहिले का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता गोडी वाटेनाशी झाली का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे दोन प्रश्न मी वेळीच विचारले असते, तर काकांचे ते दोन महिने वाचले असते.

त्याबरोबर रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्यावी, कारण यांतील बिघाडानेही मरगळ येते. मोतीबिंदू आणि बहिरेपणाही पाहावा. ज्याला दिसत नाही व ऐकू येत नाही, तो माणसांत बसूनही बेटावरच असतो.

एक प्रश्न विचारायला लोक कचरतात. तोही सांगतो. "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'होय' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातील औषधांचा साठा व कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर मराठीतूनही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

नैराश्यावरील औषधांबद्दल गैरसमज फार आहेत. ती झोपेची औषधे नव्हेत आणि त्यांची चटक लागत नाही. मात्र गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. "आठ दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून ती सोडू नयेत आणि बरे वाटल्यावर परस्पर बंदही करू नयेत. वयस्करांत काही औषधांनी रक्तातील सोडियम उतरू शकते. चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे, तोल जाणे असे काही झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

गावी जायचेच असेल तर

काकांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध सुरू झाले. सहाव्या आठवड्यात ते स्वतः दाढी करून दवाखान्यात आले, तेव्हा मला अर्धे उत्तर मिळाले. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा गावचा विषय काढला. या वेळी आम्ही तिघांनी बसून तयारी केली. तीच येथे देतो.

दोन महिन्यांच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून, चिठ्ठीच्या दोन प्रतींसह न्याव्यात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल हे आधी विचारून ठेवावे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण वाडीपर्यंत गाडी पोचते का हे पाहावे. घरात भ्रमणध्वनीला रेंज नसेल तर कोठे मिळते ती जागा ठरवावी आणि रोज ठरल्या वेळी मुलाशी बोलावे. एका शेजाऱ्याला सांगून ठेवावे की, "सकाळी नऊपर्यंत माझं दार उघडलं नाही तर हाक मार." अंधारात विजेरी आणि पायात बूट असल्याशिवाय अंगणात उतरू नये. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. पहिला मुक्काम पावसाळ्यात करू नये आणि तो पंधरा दिवसांचाच ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे करायचे काम ठरवून जावे. काकांनी परसातली विहीर साफ करवून घेतली आणि दहा आंब्याची कलमे लावली. कलमांना पाणी घालायचे तर उठावेच लागते. आता ते वर्षातले काही महिने गावी असतात आणि काही महिने विरारला. माणूस पूर्वीचा झाला असे मी म्हणणार नाही. पत्नीची आठवण निघाली की डोळे भरतात, पण चूल पेटते.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी

प्रत्येकाला गाव नसते, आणि असले तरी गुडघे साथ देत नाहीत. त्यांनी माची येथेच शोधावी. वसईत ती सापडते. पश्चिमेला निर्मळ, गास, नंदाखाल या बाजूला अजूनही केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. अर्नाळ्याचा आणि राजोडीचा किनारा आहे, वसईच्या किल्ल्यातली जुनी झाडे आहेत. पूर्वेला तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. तेथे मात्र चार जणांनी मिळून दिवसाउजेडी जावे, आणि पावसाळ्यात ओढ्यांच्या व धबधब्यांच्या जवळही फिरकू नये.

सकाळी सातच्या सुमारास अर्धा तास उन्हात चालणे हे पहिले औषध समजा. दुसरे औषध म्हणजे जपायला काहीतरी जिवंत असणे. खिडकीत तुळस-मोगऱ्याच्या चार कुंड्या असोत, सोसायटीच्या आवारातले एखादे रोप असो, पाखरांसाठी पाण्याची थाळी असो. तिसरे म्हणजे दिवसातून एकदा कोणाशी तरी तोंडभर बोलणे. बाकावर बसणारी मंडळी, भजनी मंडळ, चर्चमधला संघ, वाचनालय, कोठेही. आणि मुलांना एवढेच सांगणे, की वडिलांच्या हातून घरातली सगळी कामे काढून घेऊ नका. "तुम्ही आता आराम करा" हे बोलणे प्रेमाचे असते, पण माणसाला निकामी करते. दूध आणणे, नातवाला शाळेत सोडणे, बिल भरणे, जे झेपेल ते त्यांच्याकडे राहू द्या.

तेव्हा मथळ्यातल्या प्रश्नाचे उत्तर असे. मन थकलेले असेल तर रान त्याला विसावा देते. मन आजारी असेल तर आधी उपचार आणि मग रान. हा फरक ओळखण्यासाठी रोग्याजवळ दहा मिनिटे बसून विचारावे लागते. आता कोणी "मला गावी जाऊ द्या" म्हणाले, तर मी हो किंवा नाही म्हणण्याआधी एवढेच विचारतो, "तिथे गेल्यावर सकाळी उठून काय करणार?" ज्याच्याकडे उत्तर असते, त्याची पिशवी भरायला मी आनंदाने मदत करतो. ज्याच्याकडे उत्तर नसते, त्याला मी थांबवून घेतो. आपल्या घरातल्या माणसालाही आज हा प्रश्न विचारून पाहावा.